भैरवाचा बिलावल होतोय! जुन्या पॉवरपॉइंटची वेबपानं कशी करू?

वैखरी_लष्कर
रविवार, रात्री १०:५२

प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागून ठेवते.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ८१, ग्वाल्हेरला जन्मभर गाणं शिकवत आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी कम्प्युटर घेतला आणि २००४ ते २०११ या सात वर्षांत पॉवरपॉइंट २००३ मध्ये एकेका रागाची एकेक फाइल केली. एकोणीस राग, २१४ स्लाइड्स. जनकगंजातल्या आमच्या माडीवर भिंतीला पांढरी चादर लावायची, प्रोजेक्टर पाटावर ठेवायचा आणि शिकवणी सुरू. आता गुडघ्यांमुळे नानांना माडी चढवत नाही. वर्ग मी घेते. शिष्य अकरा. त्यातले चार ग्वाल्हेरबाहेर आहेत, आणि भोपाळचा एक मुलगा दृष्टिहीन आहे, तो फोनकडून सगळं वाचून घेतो. कम्प्युटर कुणाकडेच नाही, फोन सगळ्यांकडे. म्हणून या स्लाइड्सची साधी वेबपानं करायची आहेत. लिंक दाबली की उघडावं, मग फोन कुठलाही असो आणि ब्राउझर कुठलाही असो.

प्रत्येक फाइलची चाल सारखीच आहे. आधी रागाची ओळख: थाट, वादी-संवादी, वेळ. मग आरोह-अवरोह. मग एक बडा ख्याल, बहुतेक तिलवाडा तालात (ग्वाल्हेर म्हटल्यावर आणखी काय असणार), एक छोटा ख्याल तीनतालात, दोन्ही भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत. मग आलाप, आणि आलापाची एकेक जागा एकेका क्लिकला येते. खाली नोट्सच्या चौकटीत नानांची टिपणं आहेत. 'गंधारावर बसू नको, नुसता हात लावून ये' अशी. माझ्या मते खरं शिकवणं त्या टिपणांतच आहे, पण ते पुढे पाहू.

आता घोळ. अक्षरं शिवाजी फॉन्टमधली. कोमल स्वराखालची आडवी रेघ त्या फॉन्टमध्ये नानांना सापडली नाही, म्हणून त्यांनी ड्रॉइंगच्या पट्टीवरून रेघ उचलून प्रत्येक कोमल स्वराखाली हाताने ओढली. तीव्र मध्यमावरची उभी रेघही तशीच. मंद्र (खालच्या) आणि तार (वरच्या) सप्तकाचे ठिपके म्हणजे चिमुकली काळी वर्तुळं. भैरवच्या एका स्लाइडवर मी मोजल्या, ६३ रेघा आहेत.

२००९ साली एका ओळखीच्यांनी 'सेव्ह ॲज वेब पेज' करून दिलं होतं. एक एचटीएम फाइल आणि शेजारी तिचं एक फोल्डर. तेव्हा झकास चालायचं. परवा तेच क्रोममध्ये उघडलं, तर आधी सूचना आली की हे सादरीकरण इंटरनेट एक्स्प्लोररसाठी केलेलं आहे. पुढे गेले. अक्षरं दिसली, पण रेघा सगळ्या गायब. ठिपकेही गेले. भैरवातले रे आणि ध शुद्ध झाले, आणि सगळे स्वर शुद्ध म्हणजे बिलावल! मी सकाळी सहाला नानांना दाखवायला गेले. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सहाच वाजलेत. बिलावलला अजून वेळ आहे."

तोडी उघडली, शुद्ध स्वरांची. यमन उघडला, मध्यम शुद्ध. एकटा भूप तेवढा शाबूत आहे, कारण त्यात बिचाऱ्याला रेघ नाहीच.

हे झालं माझ्या कम्प्युटरवर, जिथे शिवाजी फॉन्ट आहे. शिष्यांच्या फोनवर अक्षरंसुद्धा नाहीत, इंग्रजी अक्षरांची भेळ. गूगल स्लाइड्सवर मूळ फाइल चढवून पाहिली तर तिथे उलटा प्रकार: रेघा आल्या, अक्षरांची भेळ झाली, आणि भेळेतल्या कुठल्यातरी भलत्याच अक्षराखाली कोमलची रेघ. शिवाय ३१ ठिकाणी नानांच्या आवाजातले नमुने आहेत, ते कुठेच वाजत नाहीत. बाड्याजवळच्या एका दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला स्लाइडमागे ४० रुपये, प्रत्येकीचा फोटो करून देतो. ८,५६० रुपयांत फोटो!

काय करू? मी बँकेत नोकरी करते, कम्प्युटरला घाबरत नाही, पण कोडिंग म्हणाल तर एचटीएमएल एकदा शिकले होते एवढंच.

~

जुना_मॉनिटर
रविवार, रात्री ११:२०

ताई, एवढं कशाला? ज्या कम्प्युटरवर फॉन्ट आहे तिथे पीडीएफ करा. फॉन्ट आत बसतो, रेघा जागच्या जागी राहतात, कुठल्याही फोनवर उघडते. अर्ध्या तासाचं काम आहे.

~

वैखरी_लष्कर
सोमवार, सकाळी ७:०५

पीडीएफ केली होती, लिहायचं राहिलं. रेघा खरंच जागेवर आल्या. पण स्लाइड म्हणजे १० इंच बाय साडेसात इंच. फोनवर तिलवाड्याच्या सोळा मात्रा वाचायला दोन बोटांनी पान ताणायचं, मग सरकवायचं, तोवर सम (तालाची पहिली मात्रा) निघून जाते. आवाज नाहीत. आणि आलापाच्या सगळ्या जागा एकदम समोर येतात. नाना मुद्दाम एकेक दाखवायचे, पुढची जागा मुलांनी आधी मनात शोधावी म्हणून. भोपाळच्या मुलाच्या फोनने त्या पीडीएफमधून जे वाचून दाखवलं ते ऐकण्यासारखं होतं. शिवाजी फॉन्टची भेळ, पण इंग्रजी उच्चारात.

~

कंसात_अडकलेला
सोमवार, दुपारी २:४०

पुण्याहून. वेबचं काम करतो, आई भजनं म्हणायची, त्यामुळे हा धागा सोडवेना.

आधी रेघा का गेल्या ते. पॉवरपॉइंट २००३ मध्ये वेबपान करताना पब्लिशच्या खिडकीत तीन पर्याय यायचे: एक्स्प्लोरर ४ आणि पुढचे, 'हाय फिडेलिटी', दुसरा एक्स्प्लोरर ३ आणि नेटस्केप ३ साठी, तिसरा सगळ्यांसाठी, पण फाइली मोठ्या होतील असा इशारा देणारा. तुमच्या ओळखीच्यांनी पहिला ठेवला असणार, कारण नाव छान आहे. त्या पर्यायात अक्षरं एचटीएमएलमध्ये जातात आणि रेघा, वर्तुळं, बाण असल्या आकृत्या व्हीएमएल नावाच्या भाषेत लिहिल्या जातात. व्हीएमएल १९९८ मध्ये प्रमाण म्हणून पुढे केली गेली होती, पण २००१ मध्ये शिफारस झाली ती एसव्हीजी या दुसऱ्या भाषेची. व्हीएमएल फक्त एक्स्प्लोररलाच कळत राहिली आणि एक्स्प्लोरर १० पासून तिथेही बाजूला पडली. क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांना ती कधीच आली नाही. एक्स्प्लोरर ११ चा आधार १५ जून २०२२ ला संपला. तर तुमची २००९ ची पानं आता विसरा. त्यांना टाके घालण्यात वेळ जाईल.

मूळ पीपीटी फाइली आहेत ना? मग सोनं हाती आहे. तुम्ही केलेली पीडीएफ फेकू नका, ती साक्षीदार. पुढे जे कराल ते शेवटी तिच्याशी ताडून पाहायचं.

पीपीटी फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून पीपीटीएक्स म्हणून साठवा. पीपीटीएक्स म्हणजे खरं तर झिप. नावाची शेपटी बदलून झिप करा आणि उलगडा. आत प्रत्येक स्लाइडची वेगळी एक्सएमएल फाइल, नोट्सच्या वेगळ्या, चित्रांचं वेगळं फोल्डर. पायथनमध्ये पायथन-पीपीटीएक्स नावाची लायब्ररी आहे, तिच्याकडून स्लाइडवरचा मजकूर आणि खालची टिपणं वीस-पंचवीस ओळींत बाहेर निघतील. नाही जमलं तर हाताने कॉपी करा, २१४ म्हणजे काही फार नाही.

जो मजकूर निघेल तो शिवाजीचा, म्हणजे भेळच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलणारी कन्व्हर्टर नेटवर आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवा, पण ऱ्हस्व इकार आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टात इकार दिसतो तसा, अक्षराच्या आधी टाइप होतो; युनिकोडमध्ये तो अक्षरानंतर साठवला जातो. रफाराचं बरोबर उलटं: तिथे अक्षरानंतर, इथे आधी. 'निषाद' आणि 'पूर्वांग' हे दोन शब्द नीट आले की बरंचसं नीट आलं समजा.

आवाजांचं मला जवळजवळ खात्रीने सांगता येईल. पॉवरपॉइंट २००३ फक्त डब्ल्यूएव्ही आवाज फाइलच्या पोटात घालायचा, आणि तोसुद्धा आपणहून १०० केबीपर्यंतचाच. त्याहून मोठा आवाज, किंवा एमपी३, डब्ल्यूएमए असेल तर तो नुसता त्या जागेचा पत्ता लिहून ठेवायचा. म्हणजे आवाज स्लाइडमध्ये कधी नव्हतेच! नानांच्या जुन्या कम्प्युटरच्या हार्डडिस्कवर, कुठल्यातरी फोल्डरात असतील. तो कम्प्युटर भंगारात दिला नाही ना?

पानाची बांधणी. २१४ स्लाइडची २१४ पानं करू नका. एका रागाचं एक लांब पान, आत एकेक स्लाइड म्हणजे एकेक विभाग. स्लाइडचं माप, मागचा रंग, कोपऱ्यातली वेल, सगळं सोडा. आलापाच्या जागांसाठी 'डिटेल्स' आणि 'समरी' हे टॅग वापरा. बोट लावलं की उघडतं, जावास्क्रिप्टची एक ओळ लागत नाही, सगळ्या चालू ब्राउझरांत चालतं. नानांची क्लिक परत मिळेल.

पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी सांगा, 'एमआर'. ज्या फॉन्टात सोय आहे, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी, तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात. नाहीतर हिंदी वळणाचे. वाचून दाखवणाऱ्या फोनलाही कळतं की मराठीत वाचायचं आहे. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, नोटोचा परवाना मोकळा आहे. आणि लेटर-स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेषा तुटते.

रेघांचं मात्र मला कळत नाही. स्वराखाली रेघ म्हणजे अंडरलाइन द्यावी का?

~

धैवत_धुंद
सोमवार, रात्री ९:१५

अंडरलाइन नको! युनिकोडमध्ये या खुणा आहेत, वेदांच्या स्वरांकनासाठी घेतलेल्या. अनुदात्ताची आडवी रेघ, क्रमांक ०९५२, ती कोमलला. उदात्ताची उभी रेघ, ०९५१, ती तीव्र मध्यमाला. स्वर पूर्ण लिहून, मात्रेसकट, मग खूण टाकायची. हे बघा:

सा रे॒ ग म प ध॒ नि सां
सां नि ध॒ प म ग रे॒ सा

झाला भैरव. अक्षराचाच भाग असल्यामुळे कॉपी केलं, फॉन्ट बदलला, अक्षर मोठं केलं, तरी रेघ स्वराला सोडत नाही. देवनागरीच्या बहुतेक चांगल्या फॉन्टांत ही चिन्हं आहेत.

ठिपक्यांसाठी मी तार सप्तकाला अनुस्वार आणि मंद्राला नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) वापरतो: सां, रें, गं आणि ऩि, ध़, प़. दिसतं अगदी भातखंड्यांसारखं.

एक सावधगिरी. नानांची लिपी भातखंडे पद्धतीची आहे हे प्रत्येक पानावर लिहा. पलुस्कर पद्धतीत वरचा ठिपका मंद्राचा आणि तार सप्तकाला उभी रेघ. म्हणजे तोच ठिपका, अर्थ उलटा, दोन सप्तकांचा फरक! माझ्या एका विद्यार्थ्याने असा एक आलाप मंद्राऐवजी तारात गाऊन दाखवला होता. घसा बसला त्याचा.

बाकी ग्वाल्हेरला १९१८ पासून माधव संगीत विद्यालय भातखंड्यांच्या पद्धतीने चाललेलं, त्यामुळे नानांची तीच असणार हे ओघानेच आलं.

~

कंसात_अडकलेला
सोमवार, रात्री १०:०५

उदात्त-अनुदात्त, वा! हे माहीत नव्हतं.

पण अनुस्वार-नुक्त्याला माझा विरोध. दिसायला ठीक, पण वाचून दाखवणारा फोन 'सां'ला अनुस्वारासकट वाचणार. ठिपका ही सजावट आहे, तर ती सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट सांगणाऱ्या भाषेत, करा. टेक्स्ट-एम्फसिस नावाचा गुण आहे, चिनी-जपानी मजकुरासाठी केलेला. अक्षराच्या वर किंवा खाली ठिपका देतो. क्रोममध्ये जुना वेबकिट उपसर्ग लावून आधीपासून, आणि ९९ व्या आवृत्तीपासून (२०२२) उपसर्गाशिवाय. फायरफॉक्स आणि सफारीत त्याच्याही आधीपासून.

~

धैवत_धुंद
सोमवार, रात्री १०:३१

आणि व्हॉट्सॲपवर कॉपी केल्यावर तुमची सजावट कुठे जाईल? मुलं व्हॉट्सॲपवरच शिकतात साहेब.

~

वैखरी_लष्कर
पुढच्या आठवड्यात बुधवार, रात्री ११:३०

मंडळी, दहा दिवसांत जे झालं ते क्रमाने सांगते. नाही, क्रमाने नाही, आवाजांपासून सांगते, कारण घरात अजून तोच विषय चालू आहे.

जुना कम्प्युटर भंगारात दिला नव्हता. आईने त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. सुरू झाला नाही, पण कॉलनीतल्या एका मुलाने हार्डडिस्क काढून केबलने जोडून दिली. डी ड्राइव्हवर 'नाना' नावाच्या फोल्डरात 'रेकॉर्ड', त्यात 'नवीन', त्यात 'नवीन २'. तिथे ३१ पैकी २८ डब्ल्यूएमए फाइली मिळाल्या. २००६ चा नानांचा आवाज. पासष्टीच्या आतला. भैरवातला आंदोलित रिषभ लावला आणि नानांनी मला हाताने थांब म्हटलं. पूर्ण ऐकला. मग म्हणाले, "सा जरा चढा आहे. तबला पांढरी दोनचा होता, ह्याला काय झालंय." झालं होतं इतकंच की मी फाइल बदलताना भलतीच सेटिंग निवडली होती, वेग किंचित वाढला होता. पुन्हा बदलल्या. १२८ केबीपीएस एमपी३, मिनिटाला एक एमबीच्या आसपास. पानावर ऑडिओचा टॅग, बटणं दिसतील असा, आणि प्रीलोड बंद, म्हणजे नुसतं पान उघडून शिष्यांचा डेटा जात नाही. आपोआप वाजवायच्या भानगडीत पडले नाही, आयफोनवर बोट लावल्याशिवाय वाजतच नाही असं कळलं. आणि भारतात आयफोनवर क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत इंजिन सफारीचंच असतं, हेही मला याच निमित्ताने समजलं. मी उगीच तीन वेळा तपासत होते.

रेघा. धैवतदादा, तुमच्या पायाला हात लावते. उदात्त-अनुदात्त चाललं. अकराही फोनवर चाललं. मी आधी शहाणपणा केला की एका रागात एक स्वर कोमल तर तो सगळीकडेच कोमल, मग 'शोधा आणि बदला' देऊन टाकू. भैरव एका मिनिटात झाला. वर पाहते तर बंदिशीच्या बोलांतला 'अरे' सुद्धा कोमल! 'दूसरे', 'तिहारे', सगळे. मग फक्त स्वरांच्या ओळींवर चालवलं. तोडी, भैरवी, मालकंस धडाधड झाले. देसवर अडले. आरोहात नि शुद्ध, अवरोहात कोमल. खमाज आणि वृंदावनी सारंगही तसेच. केदारात दोन मध्यम. तिथे पीडीएफ शेजारी उघडून एकेक रेघ बघून टाकली. नाना खुर्चीवर बसून अवरोह म्हणत होते आणि मी टाइप करत होते, दोन संध्याकाळी गेल्या. जी रेघ त्यांना २००५ मध्ये चुकून ओढायची राहिली होती तीही सापडली. देसच्या तिसऱ्या स्लाइडवर. "हे कुणी केलं?" म्हणाले.

ठिपके. दोघांचंही करून पाहिलं. टेक्स्ट-एम्फसिस छान दिसतं, मालकंसापर्यंत. मालकंसात मंद्रातला कोमल निषाद येतो, म्हणजे ठिपका खाली आणि रेघही खाली. माझ्याकडच्या फोनवर ठिपका रेघेवर चढून बसला आणि दोन्ही मिळून काहीतरी तिसरंच चिन्ह झालं. नुक्ता टाकून पाहिला, तो रेघेच्या अंगाला चिकटला. यावर काही आहे का?

मात्रांचा तक्ता. सोळा रकाने फोनवर: ३६० पिक्सेलच्या पडद्यात रकान्याला साडेबावीस पिक्सेल. 'नि॒सां' मावत नाही. टेबल सोडून दिलं. चार मात्रांचा एक विभाग ही एक पेटी केली, पेट्या जागा असेल तशा शेजारी किंवा खाली बसतात. कम्प्युटरवर चार पेट्यांची एक ओळ, फोनवर दोन-दोनच्या दोन. विभाग मध्येच तुटत नाही. समेची फुली, टाळ्यांचे आकडे, कालाचं (टाळी नसलेल्या विभागाचं) शून्य पेटीच्या पहिल्या मात्रेखाली. झुमरा तालाचे विभाग तीन-चार-तीन-चार, तेही बसले.

एक मूर्खपणा नोंदवून ठेवते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. घरी सगळी चित्रं दिसत होती, सर्व्हरवर चढवल्यावर निम्मी नाहीत. दोन तास शोधलं. फाइलच्या नावात जेपीजी कॅपिटलमध्ये होतं, पानात स्मॉलमध्ये. विंडोजला दोन्ही एकच, सर्व्हर लिनक्सचा, त्याला ती दोन वेगळी माणसं. सगळी नावं छोट्या अक्षरांत, मधल्या जागा काढून, केली.

~

कंसात_अडकलेला
गुरुवार, सकाळी ८:४५

मालकंसाने माझी जिरवली, मान्य. टेक्स्ट-एम्फसिस सोडा. प्रत्येक मंद्र स्वर एका स्पॅन टॅगमध्ये घाला, त्याला इनलाइन-ब्लॉक आणि पोझिशन रिलेटिव्ह. ठिपका त्या स्पॅनच्या 'आफ्टर'मधून काढा, पोझिशन ॲब्सोल्यूट, आणि कोमल मंद्रासाठी वेगळा वर्ग करून ठिपका आणखी थोडा खाली ढकला. मापं पिक्सेलमध्ये नको, ईएममध्ये द्या, म्हणजे अक्षर मोठं केलं तरी ठिपका स्वराबरोबर राहील. ही सगळी जुनी सीएसएस, कुठल्याही ब्राउझरात चालेल. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा ठिपका खालच्या ओळीतल्या सा वर जाऊन बसेल आणि तो तार होईल.

स्पॅनमध्ये पूर्ण स्वर जाऊ द्या, 'नि' फोडून इकार बाहेर ठेवू नका. आणि छपाईसाठी चार ओळी घाला: पेटी दोन पानांत तुटू नये, डिटेल्स उघडे छापावेत. कुणीतरी प्रिंट काढणारच.

~

धैवत_धुंद
गुरुवार, सकाळी ९:१०

पानावर स्पॅन, व्हॉट्सॲपवर नुक्ता. तह.

दृष्टिहीन मुलासाठी काय केलंत ते लिहिलं नाही.

~

वैखरी_लष्कर
शनिवार, दुपारी ४:२०

ठिपका बसला. मालकंस नानांनी पास केला.

भोपाळच्या मुलाचं सांगते. त्याला रेघ दिसायचा प्रश्नच नाही, आणि त्याचा फोन अनुदात्ताची खूण गिळून टाकतो, नुसतं 'रे' म्हणतो. म्हणजे त्याच्यासाठी परत बिलावल! मग प्रत्येक स्वरओळीखाली एक डिटेल्स ठेवलं, 'शब्दांत' नावाचं, त्यात सगळं लिहून: सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नि, तार सा. हे मात्र पायथनने करून दिलं, कॉलनीतल्या त्याच मुलाने, चहा आणि गजकवर. मला वाटलं होतं हे एकट्यासाठी आहे. आता बघते तर नव्याने आलेल्या दोन मुली, ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही, त्याही तेच उघडून बसतात.

नानांची टिपणं आधी पानाच्या तळाशी टाकली होती. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "गाऊन झाल्यावर सांगून काय उपयोग?" म्हणून ती ज्या त्या आलापाच्या आधी आणली. उघडायच्या आत वाचावी लागतात. 'गंधारावर बसू नको' वाचल्याशिवाय गंधार दिसत नाही.

बारा राग चढवलेत, सात राहिले. तीन आवाज सापडलेच नाहीत, त्यातला एक केदारचा. नाना म्हणतात परत म्हणतो. सकाळी, पंखा बंद करून, आईला कुकर लावायचा नाही असं सांगून.

जुना_मॉनिटर, तुमची पीडीएफ रोज उघडते, ताडून बघायला. तोडी उद्या चढवते. तीत रे, ग, ध कोमल आणि म तीव्र आहे. कुणाच्या फोनवर यातली एकही खूण सुटलेली दिसली तर फोन आणि ब्राउझरचं नाव इथे लिहा.